‘यष्टी’ म्हटलं, ‘षष्ठी’ ऐकलं!

दोस्तांनो, आज जरा डोळ्यांसमोर एक चित्र आणा बरं! रत्नागिरीपासून दहा-बारा मैलांवरचं एक गाव. चिऱ्यांचं घर, पुढे पडवी. पडवीत एक आजी बसल्या आहेत. त्यांना दवाखान्यात जायचंय, म्हणजे गाडी कधी आहे ते कळायला हवं. नातवाने शिकवलंय तसा त्या मोबाईल तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, “वायच सांग रं बाबा, रत्नांग्रीची यष्टी कदी हाय?”

मोबाईलवरचे ठिपके थोडा वेळ नाचतात. मग आतून एक गोड आवाज येतो आणि यंदा चंपाषष्ठी कोणत्या तारखेला आहे ते सांगू लागतो!

नातवंडं पोट धरधरून हसतात. एक जण म्हणतो, “आजी, तू नीट बोल ना! शुद्ध बोललीस तरच त्याला कळतं.”

हे चित्र मी कल्पनेने रंगवलंय. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी याची भावंडं घडली असतील. कुणाच्या आजोबांना हवामान विचारायचं होतं, तर फोनने गाणं लावलं. कुणाच्या काकूंनी आत्याला फोन लावायला सांगितलं, तर तो भलत्यालाच लागला. हसायला हरकत नाही. पण हसून झालं की एक प्रश्न स्वतःला विचारा. चुकलं कोण? आजी की फोन?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी फोनच्या ‘कानात’ जरा डोकावून पाहू.

फोन ऐकतो म्हणजे काय करतो?

तुम्ही बोलता तेव्हा हवा थरथरते. ही थरथर फोनच्या मायक्रोफोनवर आदळते. फोन ती मोजतो आणि आकड्यांमध्ये लिहून ठेवतो. बोलणं ओळखणारी यंत्रणा हे मोजमाप साधारणपणे एका सेकंदात १६,००० वेळा करते. मग या आकड्यांच्या लांबलचक माळेचे बारीक बारीक तुकडे पाडले जातात, एका सेकंदाचे सुमारे शंभर! प्रत्येक तुकड्यात कोणते सूर किती जोराने वाजताहेत ते पाहून यंत्र ठरवतं की, हा ‘अ’ असावा, हा ‘ष’ असावा, हा बहुधा ‘ट’.

‘असावा’, ‘बहुधा’ हे शब्द लक्षात घेतलेत ना? यंत्राला खात्री कधीच नसते. ते अंदाज बांधत असतं.

मग दुसरी पायरी येते. मी म्हटलं, “कोकणात उन्हाळ्यात पेट्या भरभरून येतो तो...” तर तुम्ही लगेच म्हणाल, “आंबा!” पुढचा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही, तरी तुम्हाला कळला. कारण अशी वाक्यं तुम्ही पुष्कळदा ऐकली आहेत. यंत्रही हेच करतं. त्याला कोट्यवधी वाक्यं वाचायला दिलेली असतात. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, याचा हिशेब ते ठेवतं. ऐकलेला आवाज आणि हा हिशेब एकत्र करून सर्वांत जास्त शक्य वाटेल ते वाक्य ते निवडतं.

आता आजींचं वाक्य पुन्हा पाहा. ‘यष्टी कदी हाय’ असं लिहिलेलं वाक्य यंत्राने क्वचितच वाचलं असणार. मात्र ‘षष्ठी कधी आहे’ हे वाक्य? पंचांगं, सणांची माहिती, सगळीकडे! दोन्हींचा आवाज जवळजवळ सारखा. मग यंत्राने ओळखीच्या शब्दाकडे धाव घेतली, यात नवल ते काय?

थोडक्यात, यंत्राला आजींचं बोलणं अशुद्ध वाटलं असं मुळीच नाही. शुद्ध काय नि अशुद्ध काय, हे त्याला कळतच नाही. त्याला फक्त ओळखीचं आणि अनोळखी एवढंच कळतं.

दहा आकड्यांपासून सुरुवात

यंत्राला बोलणं ओळखायला शिकवण्याची खटपट जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचं यंत्र तयार झालं. त्याला शून्य ते नऊ एवढेच आकडे कळत. तेही ज्याच्या आवाजाची त्याला सवय केलेली असेल त्याच्याच तोंडून! दुसरा कुणी बोलू लागला की ऑड्रीबाई गडबडत. १९६२ साली आय.बी.एम. कंपनीने सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ नावाचं यंत्र मांडलं. त्याची झेप सोळा शब्दांपर्यंत गेली होती.

तिथून आजच्या फोनपर्यंतचा पल्ला केवढा मोठा! २०११ साली ‘सिरी’ आली, २०१४ साली ‘अलेक्सा’ आली. मराठीची पाळी जरा उशिरा आली. बोललेलं मराठी टाईप करण्याची सोय गूगलने २०१७ साली दिली आणि २०१८ साली त्यांचा ‘असिस्टंट’ मराठीत बोलू लागला. तोपर्यंत आपल्या मंडळींना फोनशी इंग्रजीत किंवा हिंदीत बोलावं लागे.

पण ऑड्रीची जुनी खोड अजून पूर्णपणे गेलेली नाही. ज्यांचे आवाज जास्त ऐकले, त्यांचं बोलणं चांगलं कळतं. बाकीच्यांच्या बाबतीत गडबड होते.

एक हिशेब करून पाहू. २०२२ साली ‘व्हिस्पर’ नावाची एक प्रसिद्ध यंत्रणा बाहेर आली. तिला शिकवण्यासाठी ६,८०,००० तासांचं बोलणं वापरलं होतं. एखाद्याने दिवसरात्र, न झोपता, न जेवता ते ऐकायचं ठरवलं तर ७७ वर्षांहून अधिक काळ लागेल! त्यातलं सुमारे ४,३८,००० तासांचं बोलणं एकट्या इंग्रजीचं होतं. बाकीच्या ९६ भाषांच्या वाट्याला मिळून सुमारे १,१७,००० तास आले होते. आणि त्या पंगतीत मराठीच्या पानावर जे वाढलं गेलं, ते अगदीच चिमूटभर.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. पण यंत्राच्या शाळेत माणसं मोजत नाहीत, तर नोंदवलेले तास मोजतात. बोलणारे कोट्यवधी असले, तरी त्यांचं बोलणं कुणी नोंदवलंच नसेल तर यंत्राच्या दृष्टीने ती भाषा मुकीच!

केळं की केलं?

त्यातून मराठीच्या स्वतःच्या गमती आहेत. ‘केळं’ आणि ‘केलं’ हे शब्द मोठ्याने म्हणा. ‘वेळ’ आणि ‘वेल’ म्हणा. एका ‘ळ’ने अर्थ कुठल्या कुठे जातो! इंग्रजीत हा ‘ळ’ नाही. तिकडे त्याला रोमन लिपीत वेगळं अक्षरही नाही. म्हणून आपण चिपळूणचं स्पेलिंग करतो तेव्हा ‘ळ’च्या जागी ‘ल’चं अक्षर टाकतो. मग रस्ता सांगणाऱ्या एखाद्या यंत्राने ते स्पेलिंग वाचून “चिपलुन की ओर मुडें” म्हटलं, तर दोष कुणाला द्यायचा?

दुसरी गंमत ‘च’ आणि ‘ज’ची. ‘चिमणी’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ सारखे आहेत का? लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन आवाज. तसंच ‘जीव’ आणि ‘जरा’चं. जे यंत्र मुख्यतः हिंदीवर वाढलंय, त्याला हा फरक ऐकायची सवय नसते.

ही झाली पुस्तकातली मराठी. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊल टाकलं की पुढची मौज सुरू होते. संगमेश्वराकडे एक बोली, मंडणगड-बाणकोटाकडे दुसरी, खारवी बांधवांची वेगळी, कोकणी मुसलमानांची वेगळी, दक्षिणेकडे सरकावं तसतसा मालवणीचा वास येऊ लागतो. ‘आई-वडील’ म्हणण्याऐवजी कुणी ‘आवस-बापूस’ म्हणतं. ‘थोडंसं’ऐवजी ‘वायच’. पावसाळा तोंडावर आला की ‘आगोट’ आली. अनेक घरांत ‘त्याने सांगितलं’ असं न म्हणता ‘त्याने सांगितलंन’ म्हणतात. शेवटचा तो छोटासा ‘न’ शाळेच्या व्याकरणात शोधून सापडायचा नाही, पण तो चुकून आलेला नाही. काम कुणी केलं त्याची खूण तो क्रियापदाला लावतो. म्हणजे त्यालाही नियम आहे! बोलीला व्याकरण नसतं असं जे म्हणतात, त्यांनी बोली नीट ऐकलेली नसते.

परक्या शब्दांचं काय?

फोनची सर्वांत मोठी त्रेधा उडते ती परक्या शब्दांपाशी. आपण मराठी बोलता बोलता ‘अलार्म लाव’, ‘लाईट गेली’, ‘डेपोत विचार’ असं सहज म्हणतो. त्या इंग्रजी शब्दांना आपण आपला उच्चार देतो. फोन मात्र गोंधळतो की, हा शब्द मराठीच्या खणातला की इंग्रजीच्या?

पण परके शब्द माणसांनाही नवीनच असतात की! मग माणसं काय करतात? याचं उत्तर शोधायला रत्नागिरीसारखं गाव नाही.

आपला लाडका हापूस घ्या. हे नाव आलं कुठून? पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून ते पडलं असं मानतात. त्याने १५१० साली गोवा घेतला होता. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधली. त्यातल्या एका जातीला ‘अफोन्सो’चं नाव मिळालं. कोकणातल्या माणसाने ते ऐकलं, जिभेवर घोळवलं, आणि झाला ‘आफूस’, मग ‘हापूस’! कुणी त्याला “नीट उच्चार कर” म्हणून हसलं नाही. उलट आज जगभर आपण छाती पुढे काढून ‘हापूस’ म्हणतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आंब्याच्या शेजारी काजू असतोच. ‘काजू’ हा शब्द तर ब्राझीलमधल्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला आणि झाडाबरोबर आपल्याकडे आणून दिला. अननसाचंही तसंच. बटाटा, पाव, चावी, बादली हेही पोर्तुगिजांकडूनच आलेले पाहुणे. आता ते इतके घरचे झालेत की आपण त्यांना परके म्हटलं तर तेच रुसतील!

आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा? इंग्रजांनी १८८५ साली त्याला गादीवरून दूर केलं आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या नावाचा बर्मी उच्चार आपल्या जिभेला अवघड. रत्नागिरीकरांनी त्याला ‘थिबा राजा’ करून टाकलं आणि वाड्याला ‘थिबा पॅलेस’. बर्मी राजा, इंग्रजी पॅलेस, आणि दोन्ही रत्नागिरीच्या खिशात!

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आजींचा ‘यष्टी’ हा शब्द कसा तयार झाला? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली सरकारी गाडी धावली. अहमदनगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. ‘स्टेट ट्रान्स्पोर्ट’ म्हणजे ‘एस.टी.’ हे नाव खेडोपाडी पोचलं. कोकणच्या जिभेने ते घेतलं आणि केली ‘यष्टी’. अगदी अफोन्सोचा हापूस झाला तशीच!

मग असं का, की ‘हापूस’ म्हटलं की फोन सहसा बरोबर लिहितो आणि ‘यष्टी’ला अडखळतो? दोन्ही शब्द परके, दोन्हींना कोकणाने आपल्या साच्यात बसवलेलं. फरक एवढाच की ‘हापूस’ पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, पेट्यांवर, जाहिरातींत हजारो वेळा छापला गेला. ‘यष्टी’ मात्र पडवीत, थांब्यावर, बाजारात राहिली. ती बोलली गेली, लिहिली फारशी गेली नाही. यंत्राच्या कानाला अमुक शब्द चांगला नि तमुक वाईट असं काही नसतं. जे नोंदलं गेलं ते त्याला ऐकू येतं, जे नोंदलंच गेलं नाही ते ऐकू येत नाही.

म्हणजे आजीही चुकल्या नाहीत आणि फोननेही लबाडी केली नाही. कमी पडली ती नोंद!

हे फक्त आपल्याच वाट्याला?

छे! स्कॉटलंडमधले लोक इंग्रजीच बोलतात, पण त्यांची धाटणी वेगळी. तिथल्या दूरचित्रवाणीवर २०१० साली ‘बर्निस्टन’ या विनोदी मालिकेत एक प्रवेश दाखवला होता. दोन माणसं आवाजावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये शिरतात. त्यांना अकराव्या मजल्यावर जायचं असतं. ते परोपरीने ‘इलेव्हन’ म्हणतात, ओरडतात, उच्चार बदलून पाहतात, पण लिफ्टला काही केल्या कळत नाही!

हा झाला विनोद. पण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली गंभीरपणे पाहणी केली. पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा त्यांनी तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या. कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात ३५! दोघांची भाषा इंग्रजीच, देशही एकच. पण एका गटाचे आवाज यंत्राने जास्त ऐकले होते, दुसऱ्याचे कमी.

आता विचार करा. उद्या बँक, दवाखाना, सरकारी कचेरी, सगळीकडे यंत्राशी बोलायची वेळ आली, तर कुणाचं काम चटकन होईल आणि कुणाला पुन्हा पुन्हा “माफ करा, समजलं नाही” ऐकावं लागेल? ज्यांना वाचता-लिहिता येत नाही, ज्यांची नजर कमजोर झाली आहे, त्यांना आवाजावर चालणाऱ्या यंत्राची गरज सर्वांत जास्त. आणि नेमकं त्यांचंच बोलणं यंत्राला सर्वांत कमी कळतं! म्हणून ही निव्वळ हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

काम सुरू आहे

आनंदाची गोष्ट अशी की, आपल्याकडे या कामाला हात घालणारी माणसं आहेत. २०१० च्या आसपास केंद्र सरकारच्या मदतीने देशातल्या काही संस्थांनी एक योजना हाती घेतली होती. शेतकऱ्याने साध्या फोनवरून शेतमालाचं आणि बाजाराचं नाव आपल्या भाषेत सांगायचं, यंत्राने भाव सांगायचा. सहा भाषांमध्ये मराठीही होती. मराठीचं काम मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि आय.आय.टी.ने केलं. त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून गोळा केले गेले. का? कारण कोकणात जिला नाचणी म्हणतात, तिला नाशिककडे नागली म्हणतात. एकाच गावचे आवाज घेऊन भागण्यासारखं नव्हतं.

मद्रास आय.आय.टी.मधल्या ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२४ साली ‘इंडिक व्हॉइसेस’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. १४५ जिल्ह्यांतली १६,२३७ माणसं, २२ भाषा आणि ७,३४८ तासांचं बोलणं! मराठी त्यात आहे, कोकणीही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पाने तर देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून बोलणं गोळा करायचं ठरवलं आहे. त्यांची युक्ती छान आहे. माणसाला एक चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यात काय दिसतंय ते तुमच्या शब्दांत सांगा. समोर लिहिलेलं वाक्य ठेवलं की माणूस पुस्तकी बोलतो. चित्र ठेवलं की घरच्यासारखं बोलतो!

शिवाय पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. अभ्यासक गावोगावी गेले, लोकांशी बोलले, ध्वनिमुद्रणं केली.

या कल्पनेचे पणजोबाही आहेत बरं का! जॉर्ज ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. त्यातला मराठीचा खंड १९०५ साली छापला गेला. त्यात संगमेश्वरी आणि बाणकोटी या बोलींचीही नोंद आहे. त्यांची पद्धत सोपी होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जागोजागच्या बोलीत सांगून घ्यायची. गोष्ट एकच असल्यामुळे बोलींमधला फरक लगेच डोळ्यांत भरे. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर माणसांचे आवाजही भरून घेतले गेले.

करून पाहा

आता तुमची पाळी! दोन उद्योग सुचवतो.

पहिला उद्योग. घरातल्या फोनवर मराठीत बोलून टाईप करण्याची सोय सुरू करून घ्या. एका कागदावर हे दहा शब्द लिहा: केळं, वेळ, चाक, जरा, पाणी, नाचणी, चिपळूण, यष्टी, वायच, आगोट. प्रत्येक शब्द तिघांनी बोलायचा. तुम्ही, आई किंवा बाबा, आणि घरातलं किंवा शेजारचं एखादं वडीलधारं माणूस. प्रत्येकाने तीनदा. म्हणजे एकूण किती वेळा? बरोबर, नव्वद. फोनने काय लिहिलं ते कोष्टकात भरा. मग तेच शब्द वाक्यात घालून बोला. ‘मी सकाळी केळं खाल्लं’, ‘वायच थांब’ असं. चुका कमी झाल्या का? कोणत्या शब्दांत? का झाल्या असतील? खोलीत पंखा सुरू असताना आणि बंद असताना काय फरक पडतो? उत्तर आधी मनात धरा आणि मग पडताळून पाहा. यालाच शास्त्रज्ञ प्रयोग म्हणतात!

दुसरा उद्योग. ग्रिअर्सनसाहेबांची युक्ती आपण वापरू. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती आजी-आजोबांना, शेजारच्या काकांना, मासळीवाल्या मावशींना त्यांच्या बोलण्यात सांगायची विनंती करा. त्यांची परवानगी घेऊनच ती फोनवर ध्वनिमुद्रित करा. परवानगी न विचारता कुणाचाही आवाज नोंदवायचा नाही, हा नियम पक्का! खाली वहीत लिहा: गाव कोणतं, तालुका कोणता, कोणते शब्द नवीन कळले, त्यांचा अर्थ काय. अशा दहा गोष्टी जमल्या की तुमच्या वर्गाकडे जे असेल, ते एखाद्या मोठ्या कंपनीकडेही नसेल.

मोझिला या संस्थेचा ‘कॉमन व्हॉइस’ नावाचा २०१७ पासूनचा एक उपक्रम आहे. तिथे कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज दान करू शकतं. मराठीही तिथे आहे. मात्र आई-बाबांना विचारल्याशिवाय तिकडे जायचं नाही.

पालकांसाठी दोन शब्द

आवाजावर चालणारी यंत्रं घरात असतील, तर त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्वीची ध्वनिमुद्रणं पाहता आणि पुसता येतात का ते एकदा बघून घ्या. गरज नसेल तेव्हा मायक्रोफोन बंद ठेवता येतो. मुलांना घराचा पत्ता, बँकेचे आकडे असं काही यंत्राला सांगू नये हे समजावून ठेवा.

आणि त्याहून महत्त्वाचं. फोनला कळावं म्हणून मुलं आपलं बोलणं नकळत बदलतात. ठराविक शब्द, ठराविक सूर. कामापुरतं तसं बोलायला काहीच हरकत नाही. शाळेत, कचेरीत आपण प्रमाण मराठी बोलतोच की! ती सगळ्यांना जोडणारी आहे, ती यायलाच हवी. पण तेवढ्यासाठी घरातलं बोलणं हलकं ठरवू नका. “आजी, शुद्ध बोल” असं मूल म्हणालं तर त्याला थांबवून सांगा की, शिकायचं राहिलंय ते यंत्राचं. दहा वर्षांत यंत्र शिकेलही. पण तोवर नातवाला आजीचे शब्दच कळेनासे झाले, तर यंत्राने ते बिनचूक लिहून दाखवले तरी वाचणार कोण?

तर दोस्तांनो, येत्या सुट्टीत वही आणि फोन घेऊन बाहेर पडा. तुमच्या घरातला, वाडीतला, गावातला एक तरी असा शब्द शोधा जो फोनला मुळीच कळला नाही. तो शब्द, त्याचा अर्थ, तो कोण वापरतं आणि फोनने त्याच्याऐवजी काय लिहिलं, एवढं आम्हाला लिहून पाठवा. निवडक शब्द याच पानावर तुमच्या गावाच्या नावासह छापू. एकदा छापला गेला की तो शब्द नोंदला गेला. मग उद्या एखादं यंत्र तो वाचेल आणि शिकेल. कुणी सांगावं, यंत्राला ‘यष्टी’ शिकवणारे गुरुजी तुम्हीच असाल!

चला तर मग, वायच कामाला लागा!